एक खोली राहिली

परवा आईकडे गेलो होतो. घराला रंग देणं चाललंय. चार खोल्यांचं घर, माणसं सहा, आणि राहायचंही तिथेच. त्यामुळे एकेक खोली रिकामी करायची, तिथलं सामान उरलेल्या तीन खोल्यांत कोंबायचं, रंग वाळला की परत लावायचं, मग पुढची खोली. तीन खोल्या झाल्या, राहिलं स्वयंपाकघर. तेवढ्यात दिवाळी तोंडावर आली, रंगाऱ्याला दुसरं काम मिळालं आणि घरातले सगळे दमले. दादा म्हणाला, "राहू दे आता. स्वयंपाकघर चालतंय की तसंच. दिवाळी झाली की बघू."

माझ्या पोटात गोळाच आला. अगदी हेच वाक्य मी २००४ साली म्हणालो होतो. स्वयंपाकघराबद्दल नाही, एका सर्व्हरबद्दल.

आमच्या आत्याला वर्षानुवर्षं एकच प्रश्न पडलेला आहे : "तू शनिवारी रात्री ऑफिसात जाऊन नक्की करायचास तरी काय रे?" आत्या, आज सांगतोच. आम्ही रंगकाम करायचो. माणसं घरात राहत असताना.

मोठ्या कंपनीचं काम एका कॉम्प्युटरवर ठेवत नाहीत. तो बंद पडला तर सगळंच ठप्प. म्हणून दोन, चार, आठ मशीन एकत्र बांधतात. त्याला क्लस्टर म्हणायचं. एक मशीन पडलं की त्याच्यावरचं काम दुसरं उचलतं. आमच्याकडे युनिक्सची चार मशीन होती, ट्रू-सिक्स्टीफोर नावाचं युनिक्स, त्यावर ट्रूक्लस्टर. डिजिटल कंपनीनं हे घडवलं, १९९८ साली ती कॉम्पॅककडे गेली आणि २००२ साली कॉम्पॅक एचपीकडे. २०१२ अखेर त्याचा सपोर्टही संपला. पण मंडळी, काय सुंदर काम होतं! चारही मशीन एकच रूट फाइल सिस्टिम वापरायची. म्हणजे खोल्या चार, पण पाया आणि छप्पर एकच.

आता ऑपरेटिंग सिस्टिमचं नवं व्हर्जन आलं. चारही मशीन एकदम बंद करून बदलली तर काम सोपं, पण तेवढा वेळ कंपनी बंद. म्हणून एकेक मशीन बाजूला घ्यायचं, त्यावर नवं व्हर्जन चढवायचं, परत क्लस्टरमध्ये आणायचं, मग पुढचं. याला रोलिंग अपग्रेड म्हणतात. ट्रूक्लस्टरमध्ये त्याचे ठरलेले टप्पे होते. आधी जुन्या फाइल्सच्या प्रती खुणेची नावं देऊन बाजूला ठेवायच्या. मग एका पुढारी मशीनवर नवं व्हर्जन टाकायचं. बाकीची मशीन तोवर त्या जुन्या प्रतींवर चालतात. मग त्यांनाही एकेक करून नव्यावर आणायचं. सगळी आली, की शेवटी 'स्विच' नावाचा टप्पा. तोपर्यंत नव्या व्हर्जनमधल्या काही सोयी मुद्दाम बंद असतात, कारण जुन्या मशीनला त्या कळणार नाहीत. स्विच केलं की त्या चालू होतात. आणि त्यानंतर मागे फिरता येत नाही. आधीच्या टप्प्यांना 'अनडू' आहे, याला नाही.

या काळातली काळजी वेगळीच असते. आपण दोन तुकड्यांत फुटलेलो नाही, हे क्लस्टर मतमोजणीवर ठरवतं. चार मशीनची चार मतं असतील तर कामाला तीन हवीत. एक मशीन अपग्रेडला घेतलं की उरली बरोबर तीन. त्या दोन-तीन तासांत आणखी एखादं पडलं तर उरलेली दोन धडधाकट असूनही काम थांबवून गप्प बसतात. (पाचवं मत म्हणून एक डिस्क ठेवता येते, शहाणी माणसं ती ठेवतात.) म्हणजे ज्या रात्री आपण घर मजबूत करायला घेतो, नेमक्या त्याच रात्री ते सगळ्यात कमकुवत असतं.

असो. तर आमची तीन मशीन तीन शनिवारांत नव्यावर आली. चौथं राहिलं. त्याच्यावर पगाराचं काम चालायचं. आमच्याच एका माणसानं फार पूर्वी लिहिलेला प्रोग्रॅम होता तो. माणूस नोकरी सोडून गेलेला, आणि नव्या व्हर्जनवर तो प्रोग्रॅम चालेल की नाही, कोणालाच ठाऊक नाही. तपासायला आठवडा लागला असता. दिवाळी आली होती. मी साहेबांना म्हणालो, "तीन झालीत, चौथं चालतंय तसंच. दिवाळीनंतर बघू." ते लगेच हो म्हणाले. अशा गोष्टीला नाही कोण म्हणतं?

दिवाळीनंतर तिमाहीचा शेवट आला. मग मार्च. मग नवीन प्रोजेक्ट. त्या अर्धवट अवस्थेत क्लस्टरला पॅचेस लावता येत नव्हते, नवीन मशीन जोडता येत नव्हतं. पण रोजचं काम चालत होतं, त्यामुळे कोणाला काही टोचत नव्हतं. पहिल्या महिन्यात माझ्या वहीत पहिल्या पानावर 'चौथं मशीन' असं लिहिलेलं होतं. नंतर नवी वही आली.

पुढच्या सप्टेंबरच्या अखेरीस एका रात्री चौथ्या मशीनची मेमरी गेली. क्लस्टरनं आपलं काम चोख केलं, पगाराचा प्रोग्रॅम उचलून तिसऱ्या मशीनवर ठेवला. तिसऱ्यावर नवं व्हर्जन. प्रोग्रॅम उभाच राहिना. ज्या भीतीनं आम्ही चौथं मशीन मागे ठेवलं होतं ती भीती खरी होती. फक्त ती आम्ही दिवसाढवळ्या, चहा पीत, आठवडाभर तपासायची सोडून महिनाअखेरच्या रात्री दोन वाजता तपासली.

लोकांचे पगार दोन दिवस उशिरा झाले. हे ऐकायला लहान वाटतं. पण एका बाईंनी फोन करून विचारलं होतं, मुलाची फी भरायची शेवटची तारीख आज आहे, तुमचं कधी होणार? त्यांना क्लस्टर म्हणजे काय ते सांगून काय उपयोग होता?

आणि त्या रात्री ड्यूटीवर होता एक तेवीस वर्षांचा मुलगा, नोकरीला लागून चार महिने झालेला. कागदावर लिहिलं होतं तसं त्यानं दोनदा चालू करून पाहिलं, मग मला उठवलं. सकाळच्या मीटिंगमध्ये 'लवकर का उठवलं नाही' यावर अर्धा तास गेला. चौथं मशीन अकरा महिने मागे का, हे कोणी विचारलं नाही. मी बोललो, पण मीटिंग संपल्यावर, साहेबांच्या केबिनमध्ये, दार लावून. तोवर त्या मुलाच्या नावानं मेल गेली होती. ते मला अजून सलतं.

जगात याहून मोठी उदाहरणं आहेत. जुलै २०१२ च्या अखेरीस अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीनं आठ सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम टाकायला घेतला. सातांवर गेला, आठव्यावर राहून गेला. १ ऑगस्टला बाजार उघडल्यावर आठव्यानं वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड चालवला, आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४६ कोटी डॉलर्सहून जास्त तोटा झाला. ती ऑपरेटिंग सिस्टिम नव्हती, कंपनीचा स्वतःचा प्रोग्रॅम होता. पण आजार तोच, एक खोली राहिली. चौकशीत निघालं की आठही सर्व्हर झाले का, हे पाहायला दुसरा माणूस नेमलेलाच नव्हता.

आमच्या धंद्यात एक म्हण झाली आहे : चालतंय त्याला हात लावू नका. मला तिची चेष्टा करायची नाही. नवं व्हर्जन आल्या आल्या उडी मारणारे मी पाहिलेत आणि त्यांचे हालही पाहिलेत. जरूर थांबावं, दुसऱ्यांना आधी ठेच लागू द्यावी. पण थांबायची जागा एकच, सुरुवातीच्या आधी. जुन्या व्हर्जनचा सपोर्ट आहे तोवर थांबा (सेंटओएस-७ चा ३० जून २०२४ रोजी संपला, तशी तारीख प्रत्येकालाच असते). तोपर्यंत चारही मशीन निदान एकसारखी असतात, आणि त्यांचं काय होतं ते आपल्याला माहीत असतं. एकदा पहिलं मशीन हलवलं की मात्र तिथे घर बांधू नये. दोन व्हर्जनची सरमिसळ ही जाण्यायेण्याची वाट आहे, राहायची जागा नाही.

एकट्या मशीनला परतीची सोय चांगली असते. सोलारिसमध्ये लाइव्ह अपग्रेड होतं, एआयएक्समध्ये दुसऱ्या डिस्कवर प्रत काढून तिच्यावर नवं व्हर्जन टाकता येतं. बिघडलं तर जुन्या डिस्कवरून सुरू करायचं. पण क्लस्टर म्हणजे नुसती चार मशीन नव्हेत, त्यांचा एकमेकांशी असलेला करार आहे. तो करार जुना की नवा हे कधीतरी ठरवावंच लागतं, आणि ठरवलं की परतीचा रस्ता बंद होतो. आम्ही चौथं मशीन राहू दिलं ते वेळ नव्हता म्हणून, असं मी इतरांना सांगत आलो. खरं कारण 'स्विच' या शब्दाची भीती हेही होतं.

आजची साधनं हे ओळखतात. कुबरनेटिसमध्ये तर लिहूनच ठेवलंय की काम करणारी मशीन मुख्य सर्व्हरच्या किती मागे राहिली तर चालेल. २०२३ पासून ही मर्यादा तीन आवृत्त्यांची आहे, त्याआधी दोनच होती. नियम चांगला आहे. पण किती दिवस मागे राहायचं, हे कोणतंही साधन सांगत नाही. ते माणसांनीच ठरवायचं असतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. अपग्रेड सुरू करण्याआधी शेवटच्या मशीनची तारीख लिहा. सगळ्यात अवघड मशीन कोणतं ते आधी तपासा, कारण शेवटी ठेवलं की तेच राहतं. आणि मध्येच थांबायचं ठरलं, तर 'थांबायचं' असं म्हणणाऱ्याचं नाव कागदावर असू द्या. आमच्या कागदावर माझं नाव असतं, तर त्या मुलाचं आलं नसतं.

दादाला यातलं काही सांगितलं नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर भाऊबीजेनंतरच्या बुधवारभोवती पेननं गोल केला, रंगाऱ्याला त्याच्यासमोरच फोन लावला आणि गोलाखाली माझं नाव लिहिलं. आई म्हणाली, "तुला कशाला एवढी घाई?"

म्हटलं, घाई नाही गं. मी विसरतो.