थेंबाचे माहेर

गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या सकाळी आमच्या शिरूरच्या अंगणात दोन रांगोळ्या होत्या. एक आमच्या सौभाग्यवतींनी काढलेली, ठिपक्यांची. दुसरी आमच्या गाडीने काढलेली, तीही ठिपक्यांचीच, पण काळी. पहिलीचे कौतुक करायला मी तोंड उघडणार, तोच प्रश्न आला, "अहो, ही गेल्याच महिन्यात दुरुस्त झाली होती ना?"

झाली होती. तेच तर दुखणे होते.

मंडळी, मी मराठीचा प्राध्यापक. 'गळती' या शब्दाशी माझा परिचय कॉलेजातला. जूनमध्ये वर्गात ऐंशी डोकी आणि डिसेंबरात पन्नास, ही आमची गळती! इंजिनाच्या गळतीत मला गम्य नाही. गाडी उंच, सात माणसांची, डिझेलवर चालणारी; हल्ली अशा गाडीला एसयूव्ही म्हणतात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली ऑइल ठिबकत होते. गावातल्या मेस्त्रींनी वाकून पाहिले आणि क्रँकचे मागचे ऑइल सील गेले, असे निदान केले. सील तसे स्वस्त असते, पण तिथवर हात पोचायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्या मजुरीत लेकीच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे गेले. आणि तीन आठवड्यांत पुन्हा ठिपके! मी तडक गॅरेजवर गेलो आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणालो, "तुम्ही सील बदललेच नाही. नुसते पैसे घेतलेत." वर्गात आवाज चढवायची सवय; तो तिथेही चढला. मेस्त्री काही बोलले नाहीत. फडक्याला हात पुसत राहिले.

भाऊबीजेला आम्ही दौंडला निघालो. शिरूरहून न्हावऱ्यावरून पारगावला यायचे, तिथे भीमा ओलांडायची, मग चौफुला, पाटस आणि दौंड. वाटेत दोनदा गाडी थांबवून मी गेज पाहिली. तिचीही रीत असते, बरे का. गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबायचे, गेज पुसून पुन्हा बुडवायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. समोरचा लाल दिवा लागेल तेव्हा पाहू, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. तो दिवा ऑइल कमी झाल्याचा नव्हे, ऑइलचा दाब गेल्याचा. तो लागला की तिथेच इंजिन बंद करावे. पुढचे गाव गाठायचा मोह धरला, तर बेअरिंगे जातात.

दौंड हे रेल्वेचे गाव. मनमाडचा फाटा इथून १८७८ साली निघाला. माझे सासरे रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांना मामा म्हणतो. ओवाळणी झाली, करंजी खाऊन झाली आणि मामा गाडीखाली डोकावले.

"जावईबापू, थेंब पडतो ते त्याचं सासर. माहेर वर असतं."

पहिल्या रात्री त्यांनी गाडीखाली वर्तमानपत्रे पसरली आणि पुढच्या चाकांच्या जागा पेन्सिलीने आखल्या. सकाळी कागद वाचला. मी संपादकीय वाचतो, तितक्या बारकाईने! हिरवा किंवा गुलाबी डाग असता तर रेडिएटरचा कूलंट. स्वच्छ पाणी असते तर एसीचे. डाग तपकिरी-काळा, म्हणजे इंजिन ऑइलच. मग थंड इंजिन ब्रश आणि डिझेलने घासून लख्ख पुसले. वायरींवर पाण्याचा थेंब पडू दिला नाही. आणि मग मामांनी लेकीला हाक मारून तिची पावडरची डबी मागितली.

"माझी? इंजिनाला?"

"चांगल्या वासाची असली तरी चालेल," मामा गंभीरपणे म्हणाले.

पावडर भुरभुरवून आम्ही कुरकुंभपर्यंत एक फेरी मारून आलो. बॅटरीच्या उजेडात पाहतो तो टॅपिट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पावडर ओली! तिथून एक बारीक ओघळ इंजिनाच्या पाठीवरून उतरून नेमका गिअरबॉक्सच्या सांध्यात गेला होता. पाझरणे, ओघळणे आणि ठिबकणे हे तीन शब्द मी वर्षानुवर्षे वर्गात समजावून सांगतो. एका जागी तिन्ही पाहायला मिळाले ते असे.

पण मामांचे समाधान झाले नव्हते. इंजिन चालू ठेवून त्यांनी ऑइल भरायचे झाकण काढून तोंडावर नुसते उपडे ठेवले. ते टुणटुण नाचू लागले. "आत वाफ कोंडतीय. एकतर ब्रीदर बंद आहे, नाहीतर पिस्टनच्या रिंगा गेल्या." रिंगा म्हणजे सगळे इंजिन खोलायचे. पुढची पाच मिनिटे मी मनातल्या मनात पगाराची बेरीज-वजाबाकी करत होतो.

ब्रीदरची नळी निघाली. आत काळा, चिकट गाळ, करपलेल्या पाकासारखा. ती धुऊन बसवली, झाकण पुन्हा ठेवले. ते शांत बसले. माझाही श्वास मोकळा झाला.

"ऑइल कधी बदललं होतं?"

मी चाचरलो. किलोमीटर भरले नव्हते म्हणून दोन वर्षे बदललेच नव्हते. घर ते कॉलेज चार किलोमीटर. एवढ्यात इंजिन पुरते तापत नाही, आतली दमट वाफ उडून जात नाही आणि ऑइलचा गाळ होतो. कमी चालणाऱ्या गाडीचे ऑइल म्हणूनच किलोमीटर न मोजता महिन्यांवर बदलावे लागते. गाळाने नळी बुजली, कोंडलेल्या दाबाने जिथे पॅकिंग पापडासारखे कडक झाले होते तिथून वाट काढली. नवे पॅकिंग दौंडातच मिळाले, काही शेकड्यांत. बोल्ट मामांनी मधून कडेकडे, हलक्या हाताने आवळले. फार आवळले की नवे पॅकिंगही दबून फुटते.

शिरूरला परतल्यावर गॅरेजवर जायला मला चार दिवस लागले. चार गिऱ्हाईक असतील अशी वेळ मुद्दाम पाहून गेलो. झाले ते सांगितले, माझ्या दोन वर्षांच्या आळसासकट. मेस्त्रींनी खण उघडून चिरलेले जुने सील समोर ठेवले. "हेही गेलं होतंच, सर. पण ब्रीदर मी बघायला पाहिजे होता." पैशांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

नवे ऑइल त्यांनीच घातले आणि एअर फिल्टरच्या डब्यावर पांढऱ्या पेनाने पुढची तारीख लिहिली. ती येत्या वसुबारसेची आहे. गेजवर सध्या सर्व ठीक दिसते. तरी आमच्या सौभाग्यवतींनी यंदा रांगोळी दाराच्या दुसऱ्या बाजूला काढायचे ठरवले आहे.