वर दोन ओळी, खाली सात दुवे

मराठी विकिपीडियावर किल्ल्यांची पानं चाळणाऱ्याला हे दृश्य नवं नाही. किल्ला कुठल्या तालुक्यात आहे आणि किती उंच आहे, एवढं सांगून लेख आटोपतो. खाली ‘बाह्य दुवे’ असा मथळा, आणि मग रांग लागते: ट्रेकिंगवाल्यांचं बुकिंग, पायथ्याच्या होमस्टेचं दरपत्रक, कोणाचा तरी यूट्यूब चॅनेल, एका भटक्याचा ब्लॉग आणि त्याच ब्लॉगचं फेसबुक पान. चौकातल्या फ्लेक्सवर शुभेच्छा एका ओळीत आणि शुभेच्छुकांचे फोटो पंचवीस, तसलाच मामला. कोणी ही रांग छाटली, की प्रचालकांच्या दादागिरीची ओरड सुरू होते.

ओरडणाऱ्यांचा पहिला मुद्दा असा, की दुव्याला जागा ती किती लागते? हा काही छापील कोश नव्हे. खरं आहे, पण जागेची अडचण कोणी सांगितलीच नव्हती. वाईच्या मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी ‘संदर्भ’ म्हणून मोजके ग्रंथ दिलेले असतात. ती यादी वाचक विश्वासाने घेतो, कारण जाणत्या माणसाने बाकीचे ग्रंथ बाजूला ठेवून हेच निवडलेत हे त्याला ठाऊक असतं. मिळेल ते जोडत गेलं की ही निवड संपते आणि वाचकाला पुन्हा स्वतःच चाळणी हातात घ्यावी लागते. दुव्यांची जंत्री व्हायचं नाही, हे विकिपीडियाने स्वतःच्या धोरणात लिहूनच ठेवलं आहे. जंत्री हाच उद्देश असलेला डीमॉझ नावाचा प्रकल्प स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं चालवला. तो २०१७ मध्ये बंद पडला.

इथे एक गल्लत हमखास होते. ‘माझा संदर्भ काढला’ म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा संदर्भ दिलेलाच नसतो. संदर्भ एखाद्या विधानाला टेकू देतो आणि त्या विधानाच्या शेपटीलाच लागतो. बाह्य दुवा लेखाच्या तळाशी, अधिक वाचायचं असेल त्याच्यासाठी. ज्याच्या आधाराने लेखात एकही वाक्य उभं नाही, त्याला संदर्भ कसं म्हणायचं?

दुसरा मुद्दा मात्र वजनाचा आहे. इंग्रजीचे नियम इंग्रजीला शोभतात. मराठीत मुळातच मजकुराचा दुष्काळ, त्यात ब्लॉगही हाकलले तर वाचकाने जायचं कुठे? दुष्काळ मला मान्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष नेमका उलटा आहे. मजकूर कमी आहे म्हणूनच तो लेखाच्या आत यायला हवा. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं आपापले फाँट वापरत. त्या काळातलं पान आज कुठे उघडलंच, तर फाँटअभावी अक्षरांऐवजी नुसती चिन्हांची रांगोळी दिसते. पुढे संकेतस्थळांची रचना बदलली, पत्ते बदलले आणि कितीतरी दुवे मेले. इंटरनेट अर्काइव्हने २०१८ मध्ये जाहीर केलं, की विकिपीडियांवरचे ९० लाखांहून अधिक तुटलेले दुवे त्यांनी जतन केलेल्या प्रतींकडे वळवले. मोठंच काम आहे ते. पण जे पान कोणी जतनच केलं नाही, त्याला तेही काही करू शकत नाहीत. ज्याने बातमीतली माहिती आपल्या शब्दांत लेखात लिहिली आणि खाली वर्तमानपत्राचं नाव नि तारीख दिली, त्याचं काम दुवा मेला तरी टिकलं. दुवा चिकटवून जो मोकळा झाला, त्याचं काहीच उरलं नाही. दुवा चिकटवणं ही पुष्कळदा लिहिण्याची टाळाटाळ असते, आणि दुष्काळाचं कारण सांगून ती झाकता येत नाही.

‘आमच्या साइटला जरा हातभार लागला तर कोणाचं काय गेलं?’ असं उघड विचारणारेही भेटतात. त्यांचा प्रामाणिकपणा आवडतो, हिशेब तेवढा चुकतो. इंग्रजी विकिपीडियावर जानेवारी २००७ पासून प्रत्येक बाह्य दुव्याला ‘नोफॉलो’ची खूण लागते, आणि मराठीवरही तीच लागते. या दुव्याला वजन देऊ नका, असा तो शोधयंत्रांना निरोप असतो. वर चढायची शिडी म्हणून टाकलेला दुवा त्यामुळे बहुधा भिंतीला टेकतच नाही.

आता दुसऱ्या टोकाबद्दल. दुवा दिसला की वगळा, असा खाक्या असलेले संपादकही आहेत आणि त्यांची कड मी घेणार नाही. संस्थेच्या पानावर तिचं अधिकृत संकेतस्थळ हवंच. पुणे जिल्ह्यातल्या किल्ल्याच्या पानाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८५ मधला पुण्याचा खंड असायला हवा. त्यातला सगळा तपशील लेखात मावणारच नाही, आणि तो खंड आता कोणाच्याही मालकीचा नाही. केतकरांच्या ज्ञानकोशाचंही तेच. अशा दुव्याला ‘जाहिरात’ असा शेरा मारून उडवणं हा शुद्ध आळस आहे. एकदा उघडून पाहायला काय हरकत आहे?

तरीही मूळ ग्रंथाचा दुवा आहे एवढ्याने सगळं माफ होत नाही. पु. ल. देशपांडे गेले २००० साली, आणि आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतात. म्हणजे २०६० सरेपर्यंत त्यांच्या पुस्तकाची कोणीतरी परस्पर चढवलेली पीडीएफ त्यांच्या पानाखाली जोडता येणार नाही, मग ती जोडणारा कितीही मोठा पुलंभक्त असो.

राहता राहिला तो भटका ब्लॉगर. त्याच्यावर माझा राग नाही. या सगळ्या गर्दीत किल्ल्यावर खरोखर चढलेला बहुधा तोच असतो. पण स्वतःच्या ब्लॉगचा दुवा त्याने स्वतः टाकू नये. चर्चापानावर सुचवावा, दुसऱ्या कोणाला पटला तर तो टाकेल. त्याहून चांगली वाटही आहे. पाण्याची टाकी कुठे आहेत, चोरदरवाजा कुठल्या अंगाला आहे, हे छापील पुस्तकात सापडत असेल तर त्या पुस्तकाच्या आधाराने लेखात लिहावं. फोटो स्वतः काढलेले असतील तर विकिमीडिया कॉमन्सवर श्रेय मागणाऱ्या मुक्त परवान्याखाली चढवावेत. पुढे ते फोटो कोणीही, कुठेही वापरले तरी श्रेय म्हणून त्याचं नाव देणं त्या परवान्याने बंधनकारकच असतं.