समोरच्यांचा राखीव गडी आणि आपल्या टाळ्या

मंडळी, आज आठवण अमेरिकेतली आहे, पण गाडी शेवटी गुजरातेतच येऊन थांबते, म्हणून इथे लिहितोय.

२०१७ साली आम्ही दोघं सहा महिने मुलाकडे मिशिगनला होतो. डेट्रॉइटच्या जवळ, जिथे मोटारींच्या कारखान्यांमुळे आपली मराठी मंडळी बरीच आहेत. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार, थँक्सगिव्हिंगची सुट्टी. नातू तेव्हा बारावीत. त्याचे चार मित्र घरी जमलेले, सगळ्यांच्या अंगात निळे-पिवळे शर्ट, कारण टीव्हीवर मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट. ही दोन विद्यापीठं १८९७ पासून एकमेकांशी फुटबॉल खेळतायत, आणि तिथे या मॅचला नुसतं ‘द गेम’ म्हणतात. कोणती, ते विचारायचं नाही. मैदानात लाखाच्या वर माणूस. आमच्या सौ.नी बडोद्याची शेव-उसळ केली होती, ती त्या गोऱ्या पोरांनी डोळ्यांतून पाणी काढत दोन-दोनदा घेतली.

हा फुटबॉल आपला नव्हे, लंबगोल चेंडूचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना. प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी येतो तो क्वार्टरबॅकच्या हातात. फेकायचा, दुसऱ्याकडे द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो, आणि तेवढ्यात शंभर-सव्वाशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत असतात. त्यामुळे हा गडी जायबंदी होणं ही तिथे नवलाची गोष्ट नाही. त्याच्या मागे एक राखीव असतो. सरावात मुख्य टीमबरोबर खेळायचा बहुतेक वेळ पहिल्यालाच मिळतो, दुसरा टोपी घालून कडेला उभा.

तर त्या दिवशी मिशिगन २०–१४ ने पुढे होतं. तिसऱ्या भागात ओहायोचा क्वार्टरबॅक जे. टी. बॅरेट गुडघा धरून बाहेर गेला. मॅचच्या आधीच मैदानाच्या कडेला एका कॅमेरावाल्याचा धक्का लागून तो गुडघा दुखावला होता. तो लंगडत गेला आणि आमच्या हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मीसुद्धा वाजवल्या. बाजूला सौ. बसली होती, तिने फक्त बघितलं माझ्याकडे. चौतीस वर्षांपूर्वीची गोष्ट तिला आठवली होती, हे मला लगेच कळलं.

ती गोष्ट १९८३ ची. मी एका तालुक्याच्या गावी आमच्या बँकेच्या शाखेत अकाउंटंट. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मॅनेजरसाहेबांना कावीळ झाली आणि वरून हुकूम आला, तुम्ही ऑफिशिएट करा. बँकेत ज्यांची हयात गेली त्यांना डिसेंबरचं महत्त्व सांगायला नको, तेव्हा वार्षिक क्लोजिंग एकतीस डिसेंबरला असे. पहिल्याच दिवशी कापसाचा एक मोठा व्यापारी आला, खुर्चीत मला बघून म्हणाला, “साहेब नथी? तो पछी आवीश.” कागद काखोटीला मारून चालता झाला. समोरच्या बँकेचा मॅनेजर मला भेटायला आला, चहा प्यायला, फार गोड बोलला, आणि त्याच संध्याकाळपासून आमच्या ठेवीदारांच्या घरी फेऱ्या मारायला लागला. त्याच्या दृष्टीने ही पर्वणीच! पलीकडे राखीव गडी बसलाय, घ्या लुटून.

मी काय केलं, तर रोज कॅश बंद झाली की सायकल काढायची आणि ठेवीदारांच्या ओट्यावर जाऊन बसायचं. एक मोठी ठेव गेली, बाकी राहिल्या. एकतीस तारखेच्या रात्री बॅलन्समध्ये सत्तावीस रुपयांचा फरक. फरकाला नऊने भाग गेला की कुठेतरी आकडे उलटे पडलेत हे आम्हाला सीनियर लोकांनी शिकवलेलं. रात्री अडीच वाजता एका लेजरमध्ये छत्तीसचे त्रेसष्ट झालेले सापडले. चपराश्याने तेवढ्या रात्री चहा करून आणला. त्या चहाची चव अजून जिभेवर आहे. साहेब जानेवारीत परत आले तेव्हा त्याच व्यापाऱ्याने पेढे वाटले आणि माझ्यासमोर म्हणाला, आता शाखेला धनी मिळाला. असो.

तर टाळ्या वाजवणारा मी असा माणूस.

बॅरेटच्या जागी आला ड्वेन हॅस्किन्स, वीस वर्षांचा पोरगा. या मॅचमध्ये तो याआधी कधी उतरला नव्हता. तिसरा प्रयत्न, आणि तेरा यार्ड हवे होते. त्याने सत्तावीस यार्डांचा पास टाकला. लगेच पुढे स्वतः चेंडू घेऊन बावीस यार्ड पळाला. टचडाउन, आणि ओहायो २१–२०. आमच्या हॉलमधली पोरं एकदम गप्प. शेवट ३१–२०. हॅस्किन्सने सात पास टाकले, त्यातले सहा बरोबर गेले.

विचार करा, मिशिगनने आठवडाभर तयारी केली होती बॅरेटची. चार वर्षं त्याला बघितलेलं, तो केव्हा पळतो, कुठे फेकतो, सगळं पाठ. हॅस्किन्सचा हात त्याच्यापेक्षा जोरकस, चेंडू लांब जाणारा. पाठ केलेल्या प्रश्नाऐवजी वेगळाच प्रश्न आला. ज्याची फाइल आपल्याकडे नाही तो माणूस कमी धोक्याचा, असं कुठल्या बँकेत शिकवतात? आम्ही तर उलट शिकलो.

पण मला खरं बोलायचंय ते पुढचं. त्या दिवशी मिशिगनचा क्वार्टरबॅकसुद्धा राखीवच होता, जॉन ओ’कॉर्न. सप्टेंबरात पहिला गडी जायबंदी झाला म्हणून हा आला, मग याला बसवून तिसऱ्याला आणला, तो आदल्या आठवड्यात डोक्याला मार लागून पडला, म्हणून परत हा. शेवटची अडीच-तीन मिनिटं उरली असताना चार गुणांनी मागे असलेल्या मिशिगनसाठी याने फेकलेला चेंडू थेट ओहायोवाल्याच्या हातात गेला. घरच्या मैदानावरची त्याची ती शेवटची मॅच. नंतर पत्रकारांसमोर तो रडला, दोष स्वतःवर घेतला. आणि आमच्या हॉलमध्ये? “आपला मेन प्लेअर असता तर जिंकलो असतो.” जी पोरं तासाभरापूर्वी समोरचा राखीव आला म्हणून नाचत होती, त्यांनीच आपल्या राखिवाला हरण्याची सबब केलं. त्यांचा दुसरा गडी म्हणजे आपलं नशीब, आपला दुसरा गडी म्हणजे आपलं दुर्दैव. एकाच वहीत एकाच रकमेची दोन्ही बाजूंना जमा, हे कुठलं बुककीपिंग?

मुलाचं म्हणणं, बाबा, तुम्ही एक मॅच बघून बोलताय, बहुतेक वेळा राखीव कमीच पडतो, म्हणून तर तो राखीव. बरोबर आहे त्याचं. मी ते नाकारत नाही. पण कमी पडेल की नाही हे खेळून ठरू द्या. २०२३ साली फ्लोरिडा स्टेट तेरापैकी तेरा मॅच जिंकलं, शेवटच्या दोन तर पहिला क्वार्टरबॅक पाय मोडून बसलेला असताना, एक दुसऱ्याच्या आणि एक तिसऱ्याच्या हातून. तरीही समितीने त्यांना अव्वल चारांत घेतलं नाही, कारण मुख्य गडी नाही. एक मॅच हरलेल्या अलाबामाला घेतलं. पुढे फ्लोरिडा स्टेट जॉर्जियाकडून ६३–३ असं हरलं तेव्हा लोक म्हणाले, बघा, समितीचं बरोबर होतं. पण त्या दिवशी त्यांचे कितीतरी चांगले खेळाडू मैदानात उतरलेच नव्हते. ज्या मॅचमधून काहीच मिळायचं नाही ती खेळायची कशाला! आधी अर्ज नामंजूर करायचा आणि मग धंदा बसला की म्हणायचं, बघा, आम्ही म्हटलंच होतं.

कर्जाच्या प्रकरणात आम्ही मालक आजारी पडला तर दुकान कोण बघेल, हे विचारायचो. ते विचारणं योग्यच. पण दुकान दुसऱ्याने चालवून दाखवल्यावर, तेही तेरा महिने न बुडवता, हप्ते वेळेवर भरून, तुम्ही ‘मालक नाही’ म्हणून मर्यादा काढून घेणार का? मी नसती काढली.

आपल्या बडोद्याच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको खरं तर. नयन मोंगिया १९९० ला किरण मोरेचा राखीव म्हणून इंग्लंडला गेला होता, पहिली कसोटी मिळाली १९९४ मध्ये. मध्ये चार वर्षं. दोघेही आपल्याच गावचे.

हॅस्किन्सचं पुढे काय झालं, तर २०१८ ला तो मुख्य क्वार्टरबॅक झाला, त्या सीझनला पन्नास टचडाउनचे पास टाकले, आणि मिशिगनला ६२–३९ असं लोळवलं, त्यात सहा टचडाउन त्याचे. नातवाने फोन करून सांगितलं, आजोबा, तोच तो. २०२२ च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडात हायवेवर ट्रकने उडवलं त्याला. चोवीस वर्षांचा. बातमी वाचली तेव्हा मी दुपारचा झोपाळ्यावर होतो. सौ.ला सांगितलं तर म्हणाली, “तोच ना, ज्याच्या वेळी तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या?”

नातू नंतर ॲन आर्बरलाच शिकला, आता नोकरीला लागलाय. अजून शनिवारी कधी फोन येतो, आजोबा, त्यांचा मेन क्वार्टरबॅक आज खेळत नाहीये, आपण जिंकलो समजा. मी आधी विचारतो, दुसरा कोण आहे, आणि किती वर्षं कडेला उभा आहे?