रक्षकालाही विवेक हवा

मधमाशी डसली की त्या जागी क्षणार्धात गांधी उठते, त्वचा तांबूस होते, खाज सुटते. आपण सारा दोष विषाला देतो. वस्तुतः त्यातील बराचसा दाह आपल्याच शरीराने उत्पन्न केलेला असतो. त्वचेखाली, श्वासनलिकेच्या व आतड्यांच्या अस्तरात, रक्तवाहिन्यांच्या कडेने ‘मास्ट पेशी’ पहारा देत असतात. हे त्यांचे काम. या पेशींकडे विज्ञानाने दीर्घकाळ उपद्रवी म्हणून पाहिले. त्यांच्या बाजूचा पुरावा फार उशिरा पुढे आला.

पाउल एर्लिख या तरुण जर्मन संशोधकाने १८७८ मध्ये लाइपझिग विद्यापीठाच्या प्रबंधात या पेशींचे वर्णन केले. कापड रंगविण्याच्या ॲनिलीन रंगांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसत. कणांनी गच्च भरलेल्या म्हणून त्याला त्या पुष्ट वाटल्या. जर्मन भाषेतील ‘मास्ट’ या शब्दात पोसून पुष्ट करण्याचा अर्थ आहे. पुढे १९५३ मध्ये रायली आणि वेस्ट यांनी दाखविले, की या कणांत अन्न नसून हिस्टामिन साठविलेले असते. १९६६ मध्ये इशिझाका दांपत्याने ‘आयजीई’ हे प्रतिपिंड ओळखले. हे प्रतिपिंड मास्ट पेशीवर जाऊन बसते आणि ओळखीचा पदार्थ पुन्हा भेटताच पेशी आपले भांडार रिते करते. धूळ, परागकण, शेंगदाणा यांची ॲलर्जी याच मार्गाने होते. साहजिकच मास्ट पेशी म्हणजे केवळ त्रास, असा समज दृढ झाला.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे स्टीफन गॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निराळा निष्कर्ष मांडला. ज्या उंदरांत जन्मतः मास्ट पेशी नव्हत्या, ते सापाच्या व मधमाशीच्या विषाने अधिक प्रमाणात दगावले. त्यांना मास्ट पेशी पुरविल्यावर संरक्षण परत मिळाले. या पेशींतील कार्बोक्सिपेप्टिडेझ नावाचे विकर काही सर्पविषांचे घटक तोडून निष्प्रभ करीत होते. २०१३ मध्ये याच गटाने दाखविले, की मधमाशीच्या विषाची अल्प मात्रा आधी दिलेले उंदीर पुढील मोठ्या मात्रेतून अधिक संख्येने वाचतात आणि त्या संरक्षणात आयजीईचाही वाटा असतो. म्हणजे ॲलर्जीची यंत्रणा मुळात निरर्थक नाही. विषापासून बचाव हे तिचे एक कार्य असावे. मात्र उंदरांत दिसले ते माणसात जसेच्या तसे घडते, असे मानू नये.

हे ज्ञान मुक्या जीवांच्या प्राणांच्या मोलाने मिळाले, ही गोष्ट अहिंसाधर्मी मनाला बोचते. ती बोच दडवू नये. परंतु मिळालेले ज्ञान कोणाचा तरी जीव वाचविण्यास वापरणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

आपल्या जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात बोदलकसा येथे रान व टेकड्यांनी वेढलेला तलाव आहे. कुटुंबे तेथे सहलीला जातात. अशा रानात उंच झाडावर आग्या मोहोळ असू शकते. आपण मधु वर्ज्य मानतो, त्यामुळे पोळ्याला हात घालण्याचा प्रश्न उद्भवत नाही. पण चुलीचा धूर वा मुलाने भिरकावलेला दगड पोळे उठविण्यास पुरेसा होतो. जीवदया आणि आत्मरक्षण येथे एकच ठरतात.

तरीही माशी डसलीच, तर काटा त्वरित काढावा. तो राहील तितके विष आत जाते. त्या जागेपुरती सूज आली, तर बहुधा घाबरण्याचे कारण नसते. परंतु अंगभर गांधी, ओठ व जीभ सुजणे, आवाज बसणे, श्वास कोंडणे, भोवळ, वारंवार उलट्या अशी लक्षणे दिसू लागली, तर मास्ट पेशींनी सर्व शरीरात एकाच वेळी भांडार उघडले आहे, असे समजावे. ही ॲनाफिलॅक्सिस नावाची प्राणघातक अवस्था. अशा वेळी ॲलर्जीच्या गोळीवर विसंबू नये. मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार होय. रुग्णाला आडवे निजवावे, श्वास लागत असल्यास बसवावे, चालायला लावू नये आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. अनेक माश्या डसल्या असतील, तर लक्षणांची वाट न पाहता न्यावे. पूर्वी एकदा असा झटका आलेल्याने डॉक्टरांना विचारून हे औषध जवळ कसे बाळगावे, ते शिकून घ्यावे.

शास्त्रकारांनी आपल्याला संयम शिकविला तो केवळ वैऱ्याशी वागण्यापुरता नव्हे. रक्षणासाठी उगारलेले शस्त्र प्रमाण सोडते तेव्हा रक्षिलेल्यावरच पडते. मास्ट पेशीला विवेक देता येत नाही. तिचे भान सुटले, तर ते वेळीच ओळखणारा माणूस घरात असावा.