मुलगा असून आर्ट्स?

२०२५ च्या जूनमधली गोष्ट. दुपारी बचत गटाची पासबुकं घेऊन बसले होते, तेवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या. हातात मोबाइल, चेहरा उतरलेला. अकरावीचे प्रवेश त्या वर्षी राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातही घरोघरी पसंतीक्रम भरायची धांदल होती. "ताई, तुम्ही तरी याला समजावा. दहावीला शहाऐंशी टक्के पडले आणि म्हणतो, आर्ट्सला जाणार. इतिहास शिकायचाय म्हणे. त्याचे बाबा दोन दिवस धड जेवलेले नाहीत. एकच म्हणतात, मुलगा असून आर्ट्स?"

मैत्रिणींनो, हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी ऐकलंच असेल. मी स्वतः बी.ए. आहे. माझ्या बी.ए.वर माहेरी-सासरी कुणाचाच आक्षेप नव्हता, कारण मुलीनं पदवी घेतली एवढंच पुष्कळ होतं. पण मुलानं तेच करायचं म्हटलं, की घरावर आभाळ कोसळतं. खोटं कशाला बोलू, माझ्याही घरात हेच झालं. मुलाला सायन्सला मीच ढकललं. अकरावीत मार्क मिळतात म्हणून त्यानं मराठी सोडून आयटी घेतलं, तेव्हाही मी गप्प बसले. गोष्टींची पुस्तकं उशाशी घेऊन झोपणारा माझा पोरगा दोन वर्षांत वाचायचा बंद झाला. आणि बोलायचाही.

वहिनींचं ऐकताना मला आठवले डॉक्टर फाउची. करोनाच्या काळात अमेरिकेतून टीव्हीवर दिसायचे ना, ते चष्मेवाले, बुटके, शांतपणे बोलणारे म्हातारे डॉक्टर. साथीच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेचे ते १९८४ ते २०२२ अशी तब्बल ३८ वर्षं प्रमुख होते. त्यांच्याबद्दल वाचताना एक गोष्ट कळली आणि मी थक्क झाले. मेडिकलला जाण्याआधी त्यांनी जी पदवी घेतली ती बी.ए.ची! विषय कोणते, तर ग्रीक आणि लॅटिन, म्हणजे तिकडचं आपलं संस्कृतच म्हणा. सोबत डॉक्टरकीला लागणारे विज्ञानाचे विषयही त्यांनी केले होते.

हे वळण त्यांना लागलं शाळेत. फाउचींच्या वडिलांचं ब्रुकलिनमध्ये औषधांचं दुकान होतं. लहानपणी हे चिरंजीव सायकलवरून घरोघर औषधं पोचवायचे. शाळा मात्र दूर, मॅनहॅटनमध्ये. नाव रीजिस हायस्कूल. कॅथलिक धर्मगुरूंच्या जेझुइट पंथानं चालवलेली, फक्त मुलांची. ही शाळा १९१४ साली सुरू झाली ती एका बाईच्या पैशातून. न्यूयॉर्कच्या माजी महापौरांच्या विधवा पत्नी ज्युलिया ग्रँट यांनी, कॅथलिक मुलांना फुकट शिकता यावं म्हणून आपलं नाव गुप्त ठेवून ही देणगी दिली. आजही तिथे फी नाही.

अशा शाळांना तिकडे कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या शाळा म्हणतात. 'तयारी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्लास, टेस्ट सिरीज आणि फिजिक्स-केमिस्ट्री येतं. तिथला प्रकार वेगळा. नववी ते बारावी अशी चार वर्षं. शाळेत कॉलेजसारखे विभाग असतात : धर्मशिक्षणाचा, इंग्रजीचा, गणिताचा, विज्ञानाचा, इतिहास आणि समाजशास्त्रांचा, भाषांचा, चित्र-संगीत-नाटकाचा, शारीरिक शिक्षणाचा. प्रत्येक विभागाला प्रमुख असतो आणि तो स्वतःही वर्गावर जातो. मुख्य गंमत अशी, की मुलानं एक विभाग निवडून बाकीच्यांना रामराम ठोकायचा नसतो. प्रत्येकाला जवळजवळ सगळ्या दारांतून जावं लागतं. डॉक्टर व्हायचंय? होशील, पण कवितेवर निबंध लिही. लेखक व्हायचंय? हो बाबा, पण आधी बीजगणित सोडव. बहुतेक शाळांत सेवाही सक्तीची असते. वृद्धाश्रमात, इस्पितळात, गरिबांच्या अन्नछत्रात ठरलेले तास काम करायचं. म्हाताऱ्यांना घास भरवायचं काम सोळा वर्षांचा मुलगा करतो आणि ते त्याच्या शिक्षणात धरलं जातं. आपल्याकडे हे काम कुणाच्या वाट्याला येतं, ते तुम्हाला सांगायला नको.

ही पद्धत काल-परवाची नाही. जेझुइटांनी १५९९ साली शिक्षणाची नियमावलीच तयार केली. तिचा पाया होता भाषा, साहित्य आणि वक्तृत्व. या भाषाप्रेमाचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो बरं का! फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि त्यांनी मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ साली छापून निघालं. मुंबईचं सेंट झेवियर्स, पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स या शाळा याच पंथाच्या.

पण दुरून डोंगर साजरे. एक तर रीजिससारखी फुकट शाळा हा अपवाद. अशा कित्येक शाळांची फी वर्षाला वीस हजार डॉलरहून जास्त, म्हणजे सतरा-अठरा लाख रुपये असते. शिवाय २०१८ च्या अखेरीपासून अमेरिकेतल्या जेझुइटांनी, मुलांच्या लैंगिक शोषणाचे विश्वासार्ह आरोप असलेल्या आपल्याच लोकांच्या याद्या जाहीर केल्या. त्यांत शाळांत शिकवणारेही होते. वर्षानुवर्षं हे दडून राहिलं होतं.

आणि तिसरी गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातले दोन न्यायाधीश, नील गोर्सच आणि ब्रेट कॅव्हनॉ, वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउन प्रेप या एकाच जेझुइट शाळेचे विद्यार्थी. शाळा १७८९ सालची, तीही फक्त मुलांची. २०१८ मध्ये कॅव्हनॉ यांची नेमणूक होताना क्रिस्टीन ब्लेसी फोर्ड या प्राध्यापिकेनं, १९८२ साली शाळकरी वयात त्यांनी आपल्यावर जबरदस्तीचा प्रयत्न केला, असं शपथेवर सांगितलं. कॅव्हनॉ यांनी आरोप साफ नाकारला आणि ५० विरुद्ध ४८ मतांनी ते न्यायाधीश झाले. खरं-खोटं करणाऱ्या आपण कोण? पण त्या वेळी तिकडे एक प्रश्न जोरात विचारला गेला : नुसत्या मुलांच्या शाळेत मुलगे मुलींबद्दल काय शिकतात? या पंथाचे प्रमुख फादर अरुपे यांनी १९७३ सालीच माजी विद्यार्थ्यांना बजावलं होतं, की दुसऱ्यांसाठी जगणारे पुरुष घडवणं हेच आपलं काम आहे. त्या 'दुसऱ्यां'मध्ये शेजारच्या शाळेतली मुलगी येते की नाही, हे कुठलाच विभाग आपोआप शिकवत नाही. ते रोजच्या वागण्यातून शिकवावं लागतं. शाळेतही आणि घरातही.

मग यातून आपण काय घ्यायचं? मला वाटतं, एकच. पंधराव्या वर्षी मुलाचे दोन तुकडे करायचे नाहीत. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लिहिलंय, की कला आणि विज्ञान यांच्यात पक्की भिंत नको. पण कागदावरची भिंत पडली तरी मनातली कुठे पडते? वहिनींच्या यजमानांची भीतीही खोटी नाही. अकरावीला आर्ट्स घेतलं की डॉक्टरकी-इंजिनिअरिंगची दारं बंद होतात, आणि आर्ट्स शिकलेली पोरं नोकरीसाठी वणवण करताना आपण रोज बघतो. चूक ना बापाची, ना पोराची. इतक्या लवकर दार बंद करणाऱ्या पद्धतीची आहे.

पद्धत बदलेल तेव्हा बदलेल. तोवर दाराला फट ठेवणं आपल्या हातात आहे. मुलगा सायन्सला गेला तर त्याच्या हातातलं गोष्टीचं पुस्तक काढून घेऊ नका. आर्ट्सला गेला तर कॉलेजात गणिताचा विषय घेता येतो का, ते चौकशी करून बघा. आणि कुठेही गेला तरी आजीची औषधं देणं, तिच्याजवळ बसणं हे त्याच्या वेळापत्रकात असू द्या. बहिणीच्या एकटीच्या नको.

त्या दिवशी मी वहिनींच्या मुलाला समजावलं नाही. त्याच्या बाबांना चहाला बोलावलं आणि फाउचींची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बी.ए. करून डॉक्टर? आपल्याकडे होतं का असं?" मी म्हटलं, "नाही होत, भाऊजी. तेच तर दुखणं आहे." मुलगा आर्ट्सला गेला. गणित घेऊन.

माझा मुलगा सुट्टीत घरी आला, की त्याची जुनी पुस्तकं मी माळ्यावरून खाली काढून ठेवते. अजून तरी त्यानं हात लावलेला नाही. पण मी ठेवते.