'लॉफुल' या संज्ञेचा अन्वयार्थ

पात्राची नैतिक ओळख दोन शब्दांत नोंदवून ठेवावी आणि पुढे त्या पात्राने त्या नोंदीला जागावे, अशी अट कथा-कादंबरीत कोणी घालत नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाने ती घातली. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत सिद्ध केलेल्या या खेळात टेबलाभोवती बसलेले खेळाडू योद्धा, पुरोहित, चोर अशा भूमिका स्वीकारतात. 'डंजन मास्टर' हा सूत्रधार प्रसंग उभे करतो आणि फाशांच्या साह्याने सर्वांची मिळून एक कथा घडत जाते. प्रत्येक पात्राच्या कागदावर त्याची 'अलाइनमेंट' लिहिलेली असते. या व्यवस्थेतील 'लॉफुल' हे पद सर्वांत वादग्रस्त ठरले आहे. कायदा पाळणारा तो लॉफुल, असा अर्थ सर्रास घेतला जातो. परंतु संज्ञेचा इतिहास पाहता तो टिकत नाही.

मुळात 'लॉ' हे एका बाजूचे नाव होते. या खेळाच्या आधीच्या 'चेनमेल' या १९७१ च्या युद्धखेळात अद्भुत प्राण्यांची वाटणी लॉ, न्यूट्रल व केऑस अशा गटांत केलेली होती. कोण कोणाच्या सैन्यात उभा राहील एवढेच तिचे प्रयोजन. कल्पना आली ती कथासाहित्यातून. पॉल अँडरसनच्या 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स' या कादंबरीत आणि मायकेल मूरकॉकच्या एल्रिककथांत सुव्यवस्था व अनागोंदी या विश्वव्यापी शक्तींचा संघर्ष आहे. १९७४ च्या नियमांतही युनिकॉर्न लॉच्या बाजूला, रक्तपिपासू व्हॅम्पायर केऑसच्या बाजूला आणि माणूस मात्र तिन्हीकडे, अशी मांडणी आढळते. येथे लॉफुल असणे हा स्वभावाचा भाग नव्हे. ते पक्षाशी असलेले इमान होय.

ही पक्षवाचक संज्ञा पात्राच्या अंतरंगाला लागू झाली आणि गुंतागुंत सुरू झाली. १९७६ मध्ये गायगॅक्सने एका लेखात सत् व असत् हा दुसरा अक्ष लॉ-केऑसच्या अक्षाला छेद देऊन मांडला. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये नऊ अलाइनमेंटांचा परिचित कोष्टक-रूपबंध स्थिर झाला. या स्थित्यंतराचा खरा पुरावा कोष्टकात शोधण्यापेक्षा पॅलाडिन या पात्राविषयीच्या दंडविधानात शोधावा. पॅलाडिन म्हणजे व्रतस्थ, धर्मवीर योद्धा. १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत त्याने लॉफुल असावे एवढीच अट होती, आणि त्याच्या हातून एकही केऑटिक कृत्य घडले तर त्याचे पॅलाडिनपण कायमचे जात असे. १९७८ मध्ये अट 'लॉफुल गुड' अशी दुहेरी झाली. आता जाणूनबुजून केलेल्या केऑटिक कृत्यासाठी, किमान सातव्या पातळीच्या लॉफुल गुड पुरोहितापुढे कबुली देऊन, प्रायश्चित्ताची सोय झाली. दुष्ट कृत्य मात्र अक्षम्य ठरले. तीन वर्षांत पापांचा अनुक्रम बदलला. पूर्वी लॉच्या पोटातच सत् सामावलेले होते, म्हणून लॉचा भंग म्हणजे सर्वनाश. सत् वेगळे काढल्यावर लॉचा भंग प्रायश्चित्ताने भरून निघणारी चूक झाली. नियमकर्त्यांना हे सारे अभिप्रेत होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. संहिता हे सांगते.

मग सत् वजा केल्यावर 'लॉफुल'मध्ये उरते काय? प्रसंग उद्भवण्यापूर्वीच आपला निर्णय एखाद्या बाह्य व्यवस्थेला बांधून देणे, हेच उरते. या खेळातील डेव्हिल हे लॉफुल ईव्हिल आहेत, डीमन हे केऑटिक ईव्हिल. डेव्हिल करार अक्षरशः पाळतो आणि त्या अक्षरांतच माणसाला अडकवतो. त्याला कायदाप्रिय नागरिक कोण म्हणेल? उलट, अन्यायी राजाच्या राज्यात शिरलेला पॅलाडिन तेथील गुलामगिरीचा कायदा झुगारतो तेव्हा तो लॉफुल राहतो, कारण त्याचे व्रत त्या राजाकडून आलेले नसते. दुसऱ्या टोकाला, स्वतःचे काही तत्त्व असले की माणूस लॉफुल, असेही मांडले जाते. हे सैलपण परवडणारे नाही. स्वतः रचलेले आणि स्वतःच केव्हाही मोडता येणारे तत्त्व केऑटिक पात्राजवळही असते. बंधन बाहेरचे हवे, आणि ते पाळताना काही गमवावे लागले पाहिजे.

मराठीत या संज्ञेला प्रतिशब्द शोधू लागताच हा भेद अधिक स्पष्ट होतो. 'कायदेशीर' हे कृत्याचे किंवा कागदपत्राचे विशेषण. माणसाला ते शोभत नाही. 'शिस्तप्रिय' म्हटले की शाळामास्तर डोळ्यांसमोर येतो. 'धर्मनिष्ठ' सर्वांत जवळचा वाटतो आणि सर्वांत फसवा आहे. कारण 'धर्म' या शब्दात नियम आणि सत् यांची गाठ इतकी पक्की आहे की दुष्ट धर्मनिष्ठ हा प्रयोग वदतोव्याघात ठरेल. ती गाठ तणावाखाली येते तेव्हा काय होते, हे महाभारताच्या वाचकाला ठाऊक आहेच. कुरुसभेत द्रौपदीच्या प्रश्नापुढे भीष्म धर्माच्या सूक्ष्म गतीचा निर्वाळा देतात आणि निर्णय देत नाहीत. प्रतिज्ञेला व सिंहासनाला बांधलेला हा पुरुष लॉफुल निःसंशय आहे. त्या सभेपुरता तो 'गुड' आहे काय, हा प्रश्न दोन अक्ष वेगळे केल्यामुळेच इतक्या नेमकेपणाने विचारता येतो. 'प्रतिज्ञाबद्ध', 'वचनबद्ध' या शब्दांतील 'बद्ध' हा अंश येथे उपयोगी पडावा. 'नियमबद्ध' ही निर्मितीही चालेल, मात्र ती व्यक्तीला लावण्याची सवय करावी लागेल.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने पॅलाडिनवरील अलाइनमेंटची अट काढून टाकली. तो लॉफुल असावाच असे आता नाही. त्याऐवजी त्याच्या शक्तीचा आधार त्याने घेतलेली शपथ हा आहे. शपथ मोडली तर त्याने आपल्याच पंथाच्या पुरोहिताकडे किंवा पॅलाडिनाकडे क्षमा मागावी, आणि पश्चात्ताप नसेल तर त्याला हा मार्गच सोडावा लागू शकतो, असे नियमपुस्तक सुचवते. १९७८ ची कबुली आणि प्रायश्चित्त येथे जवळजवळ तशीच परत आली आहेत. गेला आहे तो केवळ 'लॉफुल' हा शब्द.