वखार गेली, दप्तर उरले

सुरतेच्या दक्षिणेस उधना. खानदेशातून पोटामागे आलेल्या मराठी माणसांची येथे मोठी वस्ती आहे. जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर चालून जाताना शिवाजीमहाराज याच उधन्यावरून गेले, हे येथील माणूस अभिमानाने सांगतो. सांगावेच. परंतु त्या स्वारीचा दिवसवार तपशील आपणांस कोठून कळला? मुख्यतः इंग्रज आणि डच वखारवाल्यांच्या कागदांतून! आपल्या पराक्रमाची साक्ष शत्रूच्या कारकुनाकडून घ्यावी लागावी, यासारखी लाजिरवाणी गोष्ट कोणती?

सुरतेची इंग्रज वखार १६१३ची. १६८७ साली कारभार मुंबईस जाईपर्यंत पश्चिम हिंदुस्थानातील कंपनीचे ते मुख्य ठाणे होते. १६६४ साली जॉर्ज ऑक्झेंडनने ते लढून राखले. आज ती वास्तू नाही. ऑक्झेंडनची कबर मात्र इंग्रजांच्या कबरस्तानात उभी आहे. कोणी म्हणतात, वखार पुन्हा बांधून दाखवावी. कोणी म्हणतात, गेली ते बरे झाले. आम्हांस दोन्ही पक्ष अमान्य आहेत, कारण दोघांचीही दृष्टी भिंतींपलीकडे जात नाही.

लंडनकडे पाहा. १८५८ साली कंपनीचे राज्य गेले आणि लेडनहॉल स्ट्रीटवरील तिचे भव्य मुख्यालय १८६१-६२ मध्ये इंग्रजांनीच पाडले. त्या जागी आज लॉइड्स या विमासंस्थेची इमारत आहे. त्या धांदलीत पुष्कळ कागद रद्दीतही गेले. तरी जे राखले, ते आज ब्रिटिश लायब्ररीत मैलोगणती फळ्यांवर आहे. घर पाडणाऱ्यांनी दप्तर राखले. आपण नेमके उलट करतो.

‘आमची देवस्थाने श्रद्धेवर तरली, कागदावर नव्हे,’ असे कोणी म्हणेल. सोळाव्या शतकात कुशस्थळीहून श्रीमंगेश प्रियोळास आणि केळशीहून श्रीशांतादुर्गा कवळ्यास नेली, ती भक्तांच्या श्रद्धेनेच. हे आम्ही मस्तक लववून मान्य करतो. परंतु देवाच्या जमिनीचा, उत्सवातील मानाचा, महाजनकीचा तंटा न्यायालयात उभा राहतो, तेव्हा केवळ श्रद्धा पुराव्यात दाखल होत नाही. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला, तर न्यायालय तो अस्सल गृहीत धरू शकते. १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात हे तत्त्व होते आणि २०२३च्या नव्या कायद्यातही ते आहे. वाळवीने खाल्लेल्या कागदास मात्र कोणताही कायदा जिवंत करू शकत नाही.

तरीही जीर्णोद्धार म्हटला की आमचे विश्वस्त फरशी, रंग आणि कळस यांचा हिशेब मांडतात. मोडीतील, गोयकानडीतील, पोर्तुगीज भाषेतील दप्तर ओलसर माळ्यावर पडून राहते आणि ते वाचणारे एकेक करून निघून जातात. याला आम्ही देवसेवा म्हणणार नाही; ही देवाच्या मिळकतीची हेळसांड आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पुढील जीर्णोद्धाराची पहिली पावती फाडण्यापूर्वी प्रत्येक देवस्थानाने आपल्या कागदांची यादी करावी, त्यांची छायाचित्रे घ्यावीत, मोडीचा जाणकार नेमावा आणि एक कोरडी खोली दप्तरास द्यावी. कळसाला वर्ष दोन वर्षे थांबता येईल. वाळवी थांबत नाही.